चंद्रभागाबाई उर्फ

आमच्या आजीनं आयुष्यभर 'ज्ञानोबा माउली तुकाराम' हा गजर अर्धाच म्हटला. गंगाखेड तालुक्यातलं आमचं गाव, मारुतीच्या देवळात एकादशीचं भजन, बायका डाव्या अंगाला. टाळ सुरू झाले की सगळ्यांच्या तोंडून 'ज्ञानोबा' निघायचं आणि आजीचे ओठ मिटलेले असायचे. 'माउली'ला ती आत शिरायची, 'तुकाराम' खणखणीत म्हणायची, पुन्हा गप्प. टाळ मात्र चुकायचा नाही. लहानपणी मला वाटायचं, हिला दम लागतो. पुढं कधीतरी आईनं सांगितलं, अगं, तुझ्या आजोबांचं नाव ग्यानोबा होतं. नवऱ्याचं नाव कसं घेईल ती?

आजोबांना मी पाहिलेलंही नाही. माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, नाव तसंच ओठांवर अडलेलं.

आणि तरी माझ्या थोरल्या भावाचं नाव ज्ञानेश्वर ठेवलं गेलं. पहिला नातू, आजोबांचं नाव चालवायला नको? ठेवणाऱ्यांनी आजीला विचारलं नसणार. घरातल्या एका बाईला या पोराला हाकच मारता येणार नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल आणि त्यात काही विशेष वाटलं नसेल. आजीनं आपल्यापुरता मार्ग काढला. गजरातला पुढचा शब्द उचलला. तिनं त्याला 'माउली' म्हटलं, मग घरानं, मग गल्लीनं. आमच्याकडं शंभरातले नव्वद ज्ञानेश्वर माउलीच असतात म्हणा, त्यात नवल नाही. पण आमच्या घरातल्या माउलीचं मूळ भक्तीपेक्षा त्या अडलेल्या ओठांत जास्त आहे.

हे सगळीकडं असंच चालत आलंय. नातवाला आजोबांचं नाव द्यायचं, आणि मग सासऱ्याचं नाव घेऊन पोराच्या पाठीत धपाटा घालता येत नाही म्हणून सुनेनं त्याला पाळण्यापासून आबा, अण्णा, बापू, तात्या म्हणायचं. लंगोटातला आबा मी चार तरी घरांत पाहिलाय. कागदावरचं नाव पूर्वजांचा मान राखायला, आणि हाकेचं नाव तो मान सांभाळताना झालेली पंचाईत निस्तरायला.

गेल्या वर्षी दादाला मुलगी झाली. लातूरला, वहिनीच्या माहेरी. मी एकुलती एक आत्या. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि माझ्याकडं नाव आजी गेल्यापासून, म्हणजे 2011 पासून तयार होतं. आजीचं. फक्त आजीचं नाव कोणतं, एवढाच घोळ होता.

पाळण्यातलं नाव चंद्रभागा. पणजोबा माळकरी. गोदावरी, यमुना, नर्मदा आणि चंद्रभागा अशा चार मुली, तिच्या पाठीवर एक मुलगा. आजी म्हणायची, "आमच्या हिरीला फाल्गुनातच तळ दिसायचा माय, पर घरात चार-चार नद्या वाहायच्या." वय विचारलं तर रझाकाराच्या टायमाला मी परकरात होते, एवढंच सांगायची. म्हणजे 1948 च्या आसपास आठ-नऊ वर्षांची असणार.

चंद्रभागा म्हणजे पंढरपुरापाशी चंद्रकोरीसारखी वळलेली भीमाच. नदी एकच, पण तेवढ्या वळणापुरतं तिला वेगळं नाव. आजीचं उलटं झालं. नाव एकच मिळालं होतं, वळणावळणावर लोकांनी ते आपल्या सोयीनं मोडून घेतलं. माहेरानं पुढचा तुकडा ठेवला. आईबाप चंद्री म्हणायचे, बहिणी चंदे, आणि धाकटा भाऊ चंदर. खरं तर त्यानं अक्का म्हणायला पाहिजे होतं, पण तो लाडाचा, त्याला कुणी रागावलं नाही. सासरच्या वाट्याला मागचा तुकडा आला. सासू भागे म्हणायची, जावा भागाबाई, गल्ली भागामाय. नाव मधोमध चिरल्यासारखं. चंद्र माहेरी राहिला, भागा सासरी नांदली.

भागा कागदावर कशी आली त्याची एक गोष्ट आहे. 72 च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि कामावर वाटलेली सुकडी यांचं वर्णन ती मरेपर्यंत करायची, तेही आम्ही ताटात काही टाकलं की. पहिल्या दिवशी मुकादमानं नाव विचारलं. तिनं सांगितलं, चंद्रभागाबाई ग्यानो... आणि थांबली. नवऱ्याचं नाव शेजारणीनं पुरं केलं. तेवढ्या गडबडीत मुकादमानं मस्टरवर लिहिलं, भागाबाई. पुढं एकदा, माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, ताप आला म्हणून ती दुपारून घरी गेली आणि मुकादमानं अख्खा दिवस खाडा लावला. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, पण हातोडा न उचलता त्याच्या टेबलापुढं जाऊन बसली. बोलली काहीच नाही. अर्धा दिवस मांडून घेतला तेव्हा उठली. मराठीत भित्र्या माणसाला 'भागूबाई' का म्हणतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आजोबा गेल्यावर तीन एकर रान तिच्या नावावर झालं ते 'भागाबाई जौजे ग्यानोबा' असंच. निजामाचं राज्य गेलं तरी वल्द म्हणजे मुलगा आणि जौजे म्हणजे बायको, हे शब्द आमच्या सातबाऱ्यातून लवकर गेले नाहीत. रेशनकार्डावर मात्र चंद्रभागाबाई. निराधाराच्या पगाराचं पासबुक काढलं तिथं कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलं, चंदरभागा. ती जिवंत होती तोवर या तिघी एकमेकींच्या आड आल्या नाहीत. ती गेली आणि वारस लावायला अप्पा तालुक्याच्या कचेरीत गेले, तेव्हा टेबलामागच्या माणसानं विचारलं, "यातली मेली कोण?"

अप्पा ते वाक्य सांगताना अजून हसत नाहीत.

मग स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करावं लागलं. अर्ज लिहून देणाऱ्यानं टाइप केलं: चंद्रभागाबाई उर्फ भागाबाई उर्फ चंदरभागा ही एकच व्यक्ती असून. दोन साक्षीदारांच्या सह्या, निळा शिक्का. त्याची झेरॉक्स माझ्याकडं आहे. तिचे एकही पत्र नाही, फोटो दोनच, त्यातल्या एकात डोळे मिटलेले. तिची सगळी नावं एका जागी बसलेली दिसतात ती या एका कागदावर. तीही पुरी नाहीत. चंद्री, चंदे, भागे, भागामाय यांना कचेरीत कोण विचारतंय.

ते 'उर्फ' माझ्या डोक्यात बसलं.

मराठी नाव तोंडात कसं मोडतं याचे नियम आपल्याला कुणी शिकवत नाही, पण चुकत कुणीच नाही. ई लावली की लाड नाहीतर राग, सुरावर ठरतं: चंद्री, यमी. ऊ लावला की नुसता लाड: इंदू, बाळू. या लावला की बरोबरीचा: मध्या, सुऱ्या. ए आला की हाक लांब गेली, परसातल्या माणसासाठी: चंदे, भागे. आणि शेवटी माय, अक्का, काकू जोडलं की समजायचं, वय झालं. आजी एकाच नावावर या सगळ्यांतून गेली.

अशी मोडलेली नावं हलकी, असं निदान आमच्या भागानं तरी मानू नये. नरसीचे नामदेव अभंगाच्या शेवटी 'नामा' होतात. गंगाखेडची जनाबाई 'जनी' होते. पैठणचे एकनाथ 'एका जनार्दनी' म्हणताना स्वतःचं नाव अर्ध्यावर मोडतात आणि गुरूचं अख्खं ठेवतात. पलीकडचा चोखा आणि तुका आहेतच. पुरं नाव सांगून देवापुढं कुणी उभं राहिलेलं दिसत नाही. जनी तर त्याच्याही पुढं गेली, देवालाच 'विठ्या' करून टाकलं. जनी ज्या गावची त्याच तालुक्यातल्या मी बाईनं आजीची आठवण ठेवताना चंद्रभागा या चार अक्षरांसाठी का अडून बसावं?

तर माझा बेत असा होता. नाव नवं ठेवायचं, पण असं की ते तोंडात पडून मोडलं की तुकडे आजीचे निघाले पाहिजेत. पोरीला शाळेत कुणी हसू नये, आणि घरात हाक मारली की आमच्यातल्या कुणाचं तरी काळीज हलावं. दोन रात्री मी कॅलेंडरच्या पाठीमागं नावं लिहीत होते. चंद्रिका, चांदणी, चंद्रजा. मग भाग्यश्री, भार्गवी. भार्गवीवर मी खूश होते. भार्गवीची भागू व्हायला आठ दिवस लागणार नाहीत.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "भागू? पोरं भागूबाई म्हणून चिडवतील तिला."

म्हटलं, चिडवू देत, आजीची गोष्ट सांगेन मी तिला.

"तुला सोपंय. मला विचार एकदा, दुसऱ्याचं नाव घेऊन फिरणं काय असतं ते. पहिलीत चार दिवस माझी गैरहजेरी लागली होती, माहितेय ना? गुरुजी ज्ञानेश्वर म्हणायचे आणि मी मागं वळून बघायचो, हा कोण म्हणून."

हे खरं आहे, आमच्या घरात ही गोष्ट दर दिवाळीला होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यात हसण्यापलीकडचं काहीतरी ऐकू आलं. मला आजीचीही एक आठवण झाली. शेवटच्या वर्षी तालुक्याच्या दवाखान्यात मी तिला घेऊन बसले होते. सिस्टरनं बाहेर येऊन पुकारलं, "चंद्रभागाबाई कोण?" आणि आजीनंही आमच्याबरोबर मान वळवून बाकड्यावरच्या बायकांकडं पाहिलं, कोण आहे बाई ही चंद्रभागाबाई.

वहिनीची यादी मोबाइलवर आलेली होती. मायरा, कियारा, अनाया, शनाया, आर्वी. मी नणंदेचा धर्म पाळून नाक मुरडलं. सगळ्या एकाच कारखान्यात पाडल्यासारख्या, आर्वी सोडली तर शेवटी रा नाहीतर या. इंटरनेटवर अर्थ पाहावा तर प्रत्येक ठिकाणी वेगळा. एकीकडं गोड, एकीकडं लाडकी, एकीकडं कुठल्या तरी तिसऱ्याच भाषेतलं काही. नावाला अर्थ नसला तरी चालतो, आमच्या भागात दगडू आणि धोंडू सुखानं नांदले. पण त्या दगडामागं आधीची लेकरं दगावलेली असायची, हे तरी जगू दे, देवाची नजर नको पडायला, म्हणून ठेवलेलं नाव असायचं. या यादीमागं काय होतं? हे मी वहिनीला बोलून दाखवलं नाही. दादाला बोलले, म्हणजे तिला कळलं.

बारशाच्या तीन दिवस आधी रात्री साडेनऊला तिचाच फोन आला. मागं बाळ टाहो फोडत होतं आणि तिची आई त्याला पायावर घेऊन हलवत असणार, कारण आवाज लयीत येत होता: "कामून रडायली माय? कामून रडायली गं माझी माय?"

"ऐकलं का ताई?" वहिनी म्हणाली. "अजून नाव ठेवलं नाही तर सगळे तिला माय म्हणायलेत. मला सांगा, तुम्ही भागामायला घरात काय म्हणायचात?"

"माय."

"मग मायरा ठेवलं तर काय बिघडलं? माझी आई पण माय म्हणंल, तुमचे अप्पा पण म्हणतील. कुणाला शिकवायची गरज नाही."

मी गप्प. भागामाय गल्लीसाठी होती हे खरं. उंबऱ्याच्या आत आम्ही 'भागा' कधीच उच्चारला नाही. मी दोन रात्री कॅलेंडरवर आजीचं नाव मोडत बसले आणि मोडून मोडून शेवटी जो तुकडा आमच्या हातात उरला होता तोच माझ्या यादीत नव्हता. तो या बाईला सापडला, जिनं आजीला पाहिलंही नाही.

तिला हे नाव आधीच आवडलं होतं आणि माय हा माझ्यासाठी शोधलेला बहाणा होता, की खरंच तिनं आजीचा विचार करून ते यादीत पहिलं लिहिलं होतं, मला कळलेलं नाही. मी विचारलंही नाही. माझी कुरकूर एवढीच होती की माय तर काय, कुणीही. मराठवाड्यात रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी पोरीलाही म्हातारी माणसं माय म्हणतात. त्यात आमची आजी कुठली निघायची? पण हाकेला ती ज्या शब्दावर 'ओ' द्यायची तो हाच होता, तेव्हा माझं बोलणं तिथंच संपलं.

"आणि मग मी कोण?" वहिनी फोन ठेवता ठेवता म्हणाली. "घरात बाप माउली, लेक माय. खऱ्या आईला काय म्हणणार तुम्ही?"

बारशाला मी लातूरला गेले. गुरुजींनी नक्षत्रावरून 'दी' अक्षर काढलं होतं, त्याचं दिव्या होऊन पत्रिकेत गेलं आणि तिथंच राहिलं. शास्त्रात चार नावं असतात, कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. म्हणजे माणसाला एक नाव पुरत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. घुगऱ्या, पाळण्याला झेंडूच्या माळा, खालून-वरून गोविंद घ्या, गोपाळ घ्या. मग मी पाळण्यात वाकले. पोरीच्या कानामागं पावडर साठली होती आणि कान इतका लहान की माझ्या ओठांना सापडेना. मागं बायका तयारच होत्या. 'कुर्रर्र' म्हणताना आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायची आमच्याकडं रीत आहे आणि लातूरच्या बायका ती मनापासून पाळतात. मायरा म्हणायच्या आधी मी तिच्या कानात घाईघाईनं सगळं प्रतिज्ञापत्र म्हणून घेतलं. चंद्रभागा उर्फ भागा उर्फ चंदर उर्फ चंद्री. प्रत्येक 'उर्फ'ला एक बुक्की बसली.

"किती वेळ कुर्रर्र चाललंय," कुणीतरी म्हणालं.

नाव जाहीर झाल्यावर वहिनीच्या शेजारच्या मारवाडी काकू पुढं आल्या. मोंढ्यात त्यांचं दुकान आहे, मराठी आमच्याहून चांगली. म्हणाल्या, "मायरा होय? आमच्याकडं मायरा म्हणजे बहिणीच्या लेकराचं लग्न निघालं की भाऊ जे घेऊन येतो ना, कपडे, दागिने, सगळं, तो. माहेरचा आहेर म्हणा." वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. हे तिलाही ठाऊक नव्हतं, चेहऱ्यावरून दिसत होतं.

जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करावी लागते. नाव मागाहून भरलं तरी चालतं, वर्षभर त्याला फीसुद्धा नाही, पण दादानं लगेच भरून टाकलं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आता आईचंही नाव येतं, आधी लेकराचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. दादानं मला फॉर्मचा फोटो पाठवला. मायरा, मग वहिनी, मग ज्ञानेश्वर. आजी आणि आजोबा एका ओळीत आले, मध्ये वहिनी बसलेली. आजीला हे चाललं असतं. निदान त्या ओळीत तिला ग्यानोबाचं नाव स्वतः घ्यावं लागत नाही.

मामाआजोबांना कळवायचं राहिलं होतं. आजीचा तो धाकटा भाऊ, चंदर म्हणणारा. ऐंशी ओलांडलेले, गावीच असतात, कानानं कमी. दुसऱ्या दिवशी लातूरहूनच व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या नातवानं फोन धरला होता, त्यामुळं बराच वेळ मला त्यांचं कपाळ आणि वरचे पत्रेच दिसत होते.

"पोरगी कुनावर गेली?"

"अजून कळत नाही, मामा."

"नाव काय ठिवलं?"

"मायरा!"

"आँ?"

"मा-य-रा!"

नातवानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"म्हायार?" ते म्हणाले. "असं कुटं नाव असतं का? म्हायार." मग थोडं थांबून, "बरंय की. चंदरला आवडलं असतं."

मी दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं, पण तोवर त्यांनी फोन आपल्या हातात घेतला होता आणि स्क्रीनच्या अगदी जवळ आले होते. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून लातूरचं नाव निघालं की ते एकच गोष्ट विचारतात.

"आन् पानी हाय का तिकडं?"